काशीकाकांनी बांधलेलं छप्पर

डहाणूच्या बाजारात ओल्या बांबूचा वास आला की आजही माझे तळवे चुरचुरतात.

डहाणूजवळच्या उधवा गावी आमच्या घरामागे मी तारे बघायची खोली बांधली होती. कुडाच्या भिंती, आत सिमेंटच्या खांबावर पक्की बसवलेली दुर्बीण, आणि भंगारातल्या गेटच्या चाकांवर मागे सरकणारं छप्पर. सगळं बाबांसाठी. काचबिंदूनं त्यांची नजर विझत चालली होती आणि त्यांना एकदा शनीचं कडं बघायचं होतं. थोड्याच दिवसांत शनी सूर्याआड जाणार होता. तो परत दिसेपर्यंत डोळे टिकणार नव्हते.

त्या संध्याकाळी छप्पर हलेचना. शेजारच्या काशीकाकांनी दुपारी येऊन, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, ते ओल्या बांबूच्या बंदांनी कुडाच्या मेढींना करकचून बांधलं होतं.

"मोकळं छप्पर कोण ठेवतं? वाऱ्यानं उडालं असतं ना!" काका कळवळून म्हणाले आणि माझ्याबरोबर कोयत्यानं बंद तोडू लागले. माझे तळवे सोलले. शनी ताडांकडे उतरत होता. खालून बाबा सारखे विचारत होते, "आहे का अजून?"

अखेर छप्पर सरकलं. मी घाईघाईनं अंदाजानंच दुर्बीण शनीकडे वळवली. बाबांनी चाचपडत डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. "दिसलं. कडं आहे त्याला," म्हणाले. काकांनी डोळे पुसले.

मग मी दुर्बिणीतून पाहिलं. समोर फक्त ताडाचा काळा शेंडा होता.

तेव्हा वाटलं, काकांचं मन राखायला बाबा खोटं बोलले. आता वाटतं, ताड दिसण्याइतकीही नजर उरली नव्हती, आणि हे मला कळू नये म्हणून बाबा इतका वेळ डोळा लावून उभे होते.