सुंदराबाईचा मांड्यांचा हात

अमरावतीत कुणाकडे लग्न निघालं की सुंदराबाईला बोलावणं ठरलेलंच. चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर पुरणाचे मांडे भाजावेत तर तिनंच. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत ती असा लांबवायची, की मांडा पार कोपरापर्यंत उतरायचा. मडक्याच्या झळांनी तिच्या हातांवर कायम डाग असत.

१९६२ साली अकोल्याच्या सर्जनांनी तिच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली. बाई बरी होऊन पुन्हा मडक्यापुढे बसली. पुढे उजव्या हाताला, कोपराखाली, टणक फुगवटा आला. भाजलं असेल म्हणून ती त्याला खोबरेल चोळत राहिली.

तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरांनी हात धरला. "हे काय?"

"मांड्याचा चटका हाय, सायेब."

"चटका असा वाढत नसतो, बाई."

गाठीचा तुकडा काढून तपासला. आतड्याचाच आजार हाताच्या मांसात येऊन बसला होता. इतक्या आडवाटेला तो क्वचितच जातो, असं डॉक्टर म्हणाले. छातीचा फोटो काढला, पोट चाचपलं. दुसरीकडे काही सापडलं नाही. मग गाठ भोवतालच्या मांसासकट काढायचं ठरलं.

सुंदराबाईला जिवापेक्षा हाताची धास्ती. वैशाखात लेकीचं, शकुनचं लग्न होतं. "पोरीच्या मांडवात दुसरीनं मांडे केले तं मी कायची माय?"

नवरा डोमाजी चिडला. "अवं, तू राहिली तं मांडे! काहून अडून राहिली अशी?"

डॉक्टर म्हणाले, "करून दाखवा बरं. हात कसा चालतो ते पाहू."

तिनं ओला टॉवेल मागितला आणि वॉर्डातच हातांवर फिरवू लागली. नर्सा जमल्या. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "पुरण कुठी हाय वं?" डॉक्टर मात्र बोट टेकवून, कुठला स्नायू ताणला जातो ते बघत होते.

"मांसाचा एक पट्टा जाईल. हात राहील, जोर कमी पडेल. आणि गाठ पुन्हा येणारच नाही, असं मी म्हणत नाही."

"हात राहते ना? मंग काढा."

वैशाखात शकुनच्या मांडवात मडकं तापलं. पहिला मांडा हातावरच फाटला. दुसऱ्याला भलं मोठं भोक. डोमाजीनं तो भोकाचा मांडा ताटात ओढला. "मले तं चव तीच लागून राहिली."

सुंदराबाईनं गोळा अर्धा केला. डाव्या हातानं ताणला, उजव्यानं नुसता झेलला. मांडा अखंड मडक्यावर पडला.

"लहान झाला वं, माय," शकुन म्हणाली.

"मंग दोन खाय," म्हणत तिनं पुढचा गोळा उचलला.