आठ माणसांची लिफ्ट, मावेल तेवढी बस

कंडक्टरबाईंच्या बसमध्ये जागा कधी संपलीच नाही. "पुढे सरका! अजून चारजण आरामात मावतात," असं ओरडत त्यांनी निम्मं आयुष्य उभ्याने काढलं. त्यांचे यजमान मात्र लिफ्टमन. लिफ्टमध्ये नववा माणूस शिरला की घंटी कोकलायची आणि हे स्टुलावरून न उठता त्याला बोटाने बाहेरचा रस्ता दाखवायचे, मग तो मोठा साहेब का असेना. या दोघांचं लग्न कुणी जमवलं, देव जाणे!

आता बाईंचे गुडघे कुरकुरू लागले होते. डेपोत खिडकीशी बसून करायची एक नोकरी निघाली होती, पण त्यासाठी दहावी पास हवी, आणि बाईंची दहावी गणितात अडकलेली. बाईंनी परीक्षेचा अर्ज भरला आणि यजमान शिकवायला बसले.

बाकी गणित कसंबसं घशाखाली उतरलं. घोडं अडलं ते असमानतेच्या जोड्यांशी. एकीकडे रोजचे प्रसंग, दुसरीकडे चिन्हं. प्रसंगाला लागू पडेल ते चिन्ह निवडायचं. 'बसमध्ये जास्तीत जास्त चाळीस प्रवासी' यासमोर बाईंनी बिनधास्त लिहिलं, x > ४०.

"अगं, जास्तीत जास्त म्हणजे चाळीसच्या वर नाही!"

"तुम्ही माझ्या बसमध्ये कधी बसलात तरी का?"

"बसायला जागा कुठे असते?" यजमानांनी कपाळाला हात लावला. "माझी लिफ्ट आठव. मला धरून सात चालतात, आठ चालतात, नववा नाही. x ≤ ८."

"आणि चिन्हाखाली ही रेघ कशाला?"

"ती आठव्या माणसासाठी. ती नसती तर तोही बाहेर."

"एवढ्याशा रेघेने काय होतंय!" म्हणत बाईंनी वही मिटली.

पेपरात नेमकी बसच आली. बाईंचा हात सवयीने चाळीसच्या वर निघाला होता, पण कानात लिफ्टची घंटी वाजली आणि त्यांनी चिन्ह फिरवलं. खाली रेघही ओढली.

निकाल लागला. गणितात पस्तीस. पास व्हायला किमान पस्तीस. पस्तीस म्हणजे आत की बाहेर? त्यांनी तळहातावर बोटाने चिन्ह काढलं, खाली रेघ ओढली, आणि सगळा डेपो दचकेल अशी आरोळी ठोकली.

डेपोतल्या सात मैत्रिणींना घेऊन त्या थेट यजमानांच्या इमारतीत पोचल्या. वरच्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये चहा बाईंकडून. सगळ्याजणी लिफ्टमध्ये घुसल्या आणि घंटी कोकलली.

"सरका गं, एकाने काय होतंय!" बाई ओरडल्या.

त्यांचा चेहरा पाहूनच यजमान काय ते समजले. एरवी साहेबासाठीही न हलणारा हा माणूस स्टुलावरून उठला, बाहेर गेला आणि म्हणाला, "आता आठ झाल्या. दाब बटण."

वर दार उघडलं तर समोर हे धापा टाकत उभे. जिना चढून आले होते, डोळे पाण्याने भरलेले. बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना टेबलाशी नेलं. खुर्च्या आठच: सातांवर मैत्रिणी बसलेल्या, आठवी बाईंची.

"सरका गं," बाई म्हणाल्या, "अजून एक आरामात मावतो."