पासपोर्टचं प्रस्थान

बर्वेसाहेबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसचं शटर नुकतंच वर केलं होतं.

"मॅडम, पासपोर्ट शेजाऱ्यांच्या घरात आहेत आणि शेजारी कुलूप लावून गावाला गेलेत."

"तुमचं विमान आज रात्रीचं आहे," मी म्हणाले.

"ते मला ठाऊक आहे!"

"शेजाऱ्यांकडे कशाला ठेवलेत?"

त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "आईनं ठेवलेत. प्रस्थान म्हणून."

सिल्वासात तेव्हा माझी छोटी ट्रॅव्हल एजन्सी होती. एकाच गाळ्यात तिकिटं, एसटीडी बूथ आणि झेरॉक्स. गिऱ्हाईक म्हणजे मुंबई, पुणे, नाशिकहून आलेले कारखान्यांतले साहेब लोक. रेल्वेची रिझर्व्हेशन हेच मुख्य काम. परदेशाची बुकिंग क्वचित येत, आणि आली की त्यात काहीतरी निघतच असे.

बर्वे जवळच्या मसाट गावातल्या एका प्लॅस्टिक कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होते. मे महिन्यात त्यांचा शटडाउन असे. म्हणजे मशिनं उघडून दुरुस्तीला घ्यायची आणि प्रॉडक्शनच्या लोकांनी रजेवर जायचं. लग्नापासूनचा प्रत्येक शटडाउन या कुटुंबानं नाशिकला बर्वेंच्या आईकडे काढला होता. त्यांची बायको सुमेधाताई पहिल्या भेटीतच मला म्हणाली, "जिथे माझ्या ताब्यात स्वयंपाकघर नसेल असं कुठलंही शहर दाखवा. दोन असतील तर उत्तम."

लंडन आणि पॅरिस ठरलं. त्या वेळी दोन्हींचे व्हिसा वेगळे, वकिलाती वेगळ्या, रांगाही वेगळ्या. बर्वेंचा आग्रह होता की पॅरिसला उतरायचं, लंडन बघायचं आणि पुन्हा पॅरिसहून परतायचं. मी त्यांना समजावलं की पॅरिसचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे. एकदा बाहेर पडलात की संपला. दुसऱ्यांदा आत घेणार नाहीत. म्हणून लंडनला उतरा आणि पॅरिसहून निघा. आमच्या धंद्यात अशा तिकिटाला ओपन जॉ म्हणतात, उघडा जबडा. मधला तुकडा तिकिटात नसतो, तो आपला आपण बोटीनं किंवा बसनं जोडायचा.

हे सगळं जमलं आणि मग नाशिकहून आजी आल्या. नातवंडांना निरोप द्यायला. माझ्या ऑफिसात बसून त्यांनी तारीख विचारली, मनातल्या मनात तिथी मोजली आणि जाहीर केलं, "अमावास्येला माझी नातवंडं उंबरा ओलांडणार नाहीत."

बर्वेंनी माझ्याकडे पाहिलं. "दुसरी तारीख?"

"चार सीट एकत्र मिळतील तोवर तुमची मशिनं सुरू झालेली असतील."

सुमेधाताई हातातल्या रुमालाची घडी घालत आणि मोडत राहिली. मग मीच म्हटलं, "आजी, प्रस्थान ठेवा की."

नव्या वाचकांसाठी सांगते. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीचा चांगला दिवस बघून प्रवासाची एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवतात. सुपारी, हळकुंड, एखादं वस्त्र. म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरायचं. ती वस्तू मग घरी परत आणायची नाही, निघताना वाटेत उचलायची. आजींना तोडगा पटला. "बाई जाणती आहे," असं प्रशस्तिपत्रही मिळालं. त्याच दिवशी मी पासपोर्ट आणि तिकिटं बर्वेंच्या हवाली केली.

फोन ठेवून मी स्कूटरवरून त्यांच्या बिल्डिंगमध्ये गेले. दारात बॅगा मांडलेल्या होत्या. समोरच्या फ्लॅटला कुलूप. तिथे पाटील राहत, बर्वेंच्याच हाताखालचे सुपरवायझर, मूळचे शिरपूरकडचे. पुतण्याच्या लग्नासाठी अख्खं घर आदल्या दिवशी गेलं होतं.

"आजी, सुपारी ठेवायची ना हो!" मी म्हटलं.

आजी जराही डगमगल्या नाहीत. "सुपारीला व्हिसा कोण देतं? ज्याच्यावर प्रवास, त्याचं प्रस्थान. पिशवीत घालून पाटलिणीच्या हातात दिले. त्या गावाला निघाल्यात हे मला कोणी सांगितलं?"

"सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, आई," बर्वे म्हणाले.

"मी नाशिकची आहे."

पासपोर्ट दोनच होते. मुलांची नावं आईच्या पासपोर्टवर असत तेव्हा. त्या दोन पुस्तिकांवाचून चौघंही घरी.

बर्वेंनी कारखान्यातून फिटर बोलावला. मी म्हटलं, आधी पाटलांना फोन लावू. ते म्हणाले, लग्नघरात फोनवर कोण येणार? कुलूप तोडलं. सुमेधाताईनं देव्हारा, कपाट, धान्याचे डबे सगळं पाहिलं. पिशवी नव्हती.

बर्वेंचा चेहरा बदलला. "मी पोलीस स्टेशनला जातो. पाटलांनी नेले असणार."

"तुमचे पासपोर्ट पाटील कशाला नेतील? नवरदेवाला घालायला?" सुमेधाताई म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. पासपोर्टला बाजारात गिऱ्हाईक असतं."

आता मला बोलणं भाग होतं. "साहेब, तक्रार करायची तर करा. पण पासपोर्ट हरवला असं एकदा नोंदवलंत की तो रद्द होतो. तासाभरानं हातात आला तरी तो पासपोर्ट राहत नाही, नुसती वही राहते. ट्रिप तुमच्या हातानं संपेल."

ते थांबले. रजेवर जाणारा सुपरवायझर कारखान्याच्या गेटवर एक फोन नंबर ठेवून जातो. फिटर जाऊन तो घेऊन आला. गावातल्या किराणा दुकानाचा होता. माझ्या बूथवरून आम्ही तो लावला. दुकानदार म्हणाला, बोलावतो, परत करा. परत केला. पाटीलवहिनी धापा टाकत आल्या. मागे परवाच्या लग्नासाठी बँडचा सराव चालला होता.

"वहिनी, पिशवी कुठे आहे?" सुमेधाताईनं विचारलं.

"वापीले धाडी दिन्ही ना! मना भाऊ राहतो तिथं. बंद घरमा प्रस्थान ठेवतस का कोणी? तुमच्या वाटेवरच शे, उचली ल्या." घाईत वहिनी अहिराणीवर आल्या होत्या; पिशवी त्यांनी वापीला भावाकडे पाठवली होती.

"अहो, सांगायचं तरी!"

"तुम्ही घरी नव्हत्या. वॉचमनला बोलले होते मी. त्यानं नाही सांगितलं?"

"वहिनी, त्यात आमचे पासपोर्ट आहेत."

"अरे देवा! माले वाटलं, हळकुंड असेल."

बर्वेंनी कपाळावरचा घाम पुसला. कुलपाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. सुमेधाताईनं रिसीव्हर घट्ट धरून तेही सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ नुसता बँड ऐकू येत होता. मग वहिनी म्हणाल्या, "बरं. जा तुम्ही. पोरांना जपा."

दुपारी टॅक्सी वापीला थांबली. वहिनींच्या भावानं पिशवी देवापुढे तांदळावर ठेवली होती. पासपोर्टच्या कव्हरला आजींनी लावलेलं कुंकू होतं. ते सुमेधाताईनं पुसलं. मुंबईला ते वेळेत पोहोचले आणि दोन्ही शहरं बघून आले. लंडनचं वर्णन बर्वेंनी मला सविस्तर ऐकवलं. सुमेधाताई एवढंच म्हणाली, की पॅरिसमध्ये ती एक अख्खा दिवस बाकावर बसून होती आणि जेवायचं काय, असं तिला कोणी विचारलं नाही.

बर्वेंनी पाटलांच्या दाराला नवं, भारी कुलूप बसवून दिलं. सुमेधाताईनं वहिनींसाठी अत्तराची बाटली आणली. वहिनींनी ती घेतली, चहा केला, चौकशी केली. पण पुढे बिल्डिंगमधल्या कोणाचीही वस्तू त्यांनी ठेवून घेतली नाही. दुधाचं पातेलंसुद्धा नाही.

मी माझ्यापुरता नियम केला. पासपोर्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे ते टॅक्सी दाराशी लागल्यावरच. कोणाला प्रस्थान ठेवायचं असेल तर मी तिकिटाचं रिकामं कव्हर देते. त्यावर विमानाचं चित्र असतं. आजवर एकाही आजीनं ते उघडून पाहिलेलं नाही.