मस्करीच्या गावाला

नांदेडहून निघालेली बस सकाळी सातला दादरला पोचली. फुलबाजारातून बाहेर पडताना बॅगेचा पट्टा पायात अडकला आणि मी एका फुलवालीच्या टोपलीवर जवळजवळ बसलोच.

"काका, झेंडूवर बसायचं तर आधी देव व्हावं लागतं," ती म्हणाली.

खूप दिवसांनी मी मनापासून हसलो. नांदेडला मी शाळेत गणित शिकवतो. तिथे सगळे मला 'सर' म्हणतात आणि माझी खेचायचं (थट्टा करायचं) कुणाच्या मनातही येत नाही.

मी निघालो होतो डिलाईल रोडला, विलासकडे. आम्ही एकाच चाळीत वाढलो. तो बोलताना अडखळतो, त्यातून 'प' आला की फारच. लहानपणी मी त्याला 'प'वरून चिडवायचो आणि तो मला माझ्या सुपासारख्या कानांवरून. त्याची आई मालवणची. "तुमच्यो गजाली (गप्पा) काय संपाच्यो नाय," म्हणायची.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांसमोर, मी त्याची नक्कल केली. सगळे हसले. विलासने हातातलं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

दुसऱ्या बसने लालबागला उतरून त्याच्या आईसाठी चिवडा घेतला आणि पूल ओलांडून चालत निघालो. गिरणी होती तिथे आता काचेचे टॉवर आहेत. ओळखीची एकही खूण सापडेना. दोनदा त्याच टपरीपाशी परत आलो, तेव्हा पानवाल्याला विचारलं, "इथली चाळ कुठे गेली हो?"

"चाळ जागेवरच आहे. हरवलात तुम्ही," तो म्हणाला आणि बोटाने गल्ली दाखवली.

दार विलासनेच उघडलं. केस पार पांढरे झाले होते.

"या," तो म्हणाला. "बसा."

या माणसाने जन्मात कधी मला 'बसा' म्हटलं नव्हतं. मी खुर्चीच्या कडेवर टेकलो. आई खाटेवर होती. तिने हात पुढे केला. "कधी इलंस? सुकलंस रे." वहिनींनी घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) आणि काळ्या वाटाण्याची आमटी वाढली. आम्ही दोघे ताटाकडे बघत जेवलो.

जेवण झाल्यावर त्याच्यामागून गॅलरीत गेलो.

"विलास, मस्करीत दोघं हसतात. त्या दिवशी तू हसला नव्हतास. मी तुझी टिंगल केली. चुकलो."

त्याने समोरच्या दोरीवरचा वाळलेला टॉवेल काढला आणि त्याची घडी घातली.

"घरात काहीही बोलला असतास तरी चाललं असतं. पा... पा..." तो थांबला. मी शब्द पुरवला नाही. "पाहुणे होते रे. आणि रात्री पोरीने विचारलं, बाबा, लोक तुम्हाला नेहमी असंच हसतात का?"

त्याच्या त्या 'रे'वर जीव अडकला. संध्याकाळी तो बसपर्यंत सोडायला आला, बॅग त्याने घेतली. "फोन कर," एवढंच म्हणाला.

नांदेडला परतून आता चार महिने झाले. दर रविवारी आम्ही बोलतो. आईचे गुडघे, पाण्याची वेळ, नातवाची शाळा. 'तू' परत आलं आहे. मस्करी अजून आलेली नाही. ती मागून मिळत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मी बोलता बोलता मुद्दाम काहीतरी वेड्यासारखं बोलून जातो, त्याला चिमटा काढायला जागा ठेवतो. तो ती जागा सोडून पुढे जातो.

गेल्या रविवारी सांगितलं, चष्मा डोक्यावर ठेवून मी तो अर्धा तास घरभर शोधला. पलीकडे तो थांबला. मी फोन कानाशी घट्ट धरला.

"जेवलास का?" त्याने विचारलं.