हा नंबर आधीच वापरला आहे

आत्या कॉफी ओतत होती आणि कॉफी लोट्याच्या डावीकडे, ओट्यावर सांडत होती. तिला ते दिसतच नव्हतं.

"आत्या, अगं बाहेर पडतेय!"

"अय्यो!" म्हणत तिने फडकं घेतलं आणि कोरड्या जागी फिरवलं.

चामराजपुरममधल्या तिच्या घरी मी दर रविवारी सकाळी जातो. वडिलांच्या मागे घरात थोरली अशी तीच उरली आहे. खोदून विचारल्यावर कळलं की डाव्या डोळ्याने उन्हाळ्यापासून नीट दिसत नव्हतं.

"मग दाखवला का नाहीस?"

"दाखवणार होते की रे. शेजारच्या मुलीने मोबाईलवर डोळ्यांच्या इस्पितळाचा फॉर्म भरला. तुझाच नंबर घातला."

त्यात नवल नव्हतं. गॅस असो, रेशन असो, देवळातली सेवा असो, आमच्याकडे सगळे माझाच नंबर देतात. कुणाचा सिलिंडर निघाला हे आधी मला कळतं.

"मग?"

"लाल अक्षरं आली. हा नंबर आधीच वापरला आहे, खोटी माहिती दिल्यास कारवाई होईल. ती पोर घाबरली, मीही घाबरले. बेडा, नकोच, म्हटलं, राहू दे ते."

ते वाक्य माझं होतं.

वेबसाइटचे फॉर्म बनवणं हे माझं काम. त्या इस्पितळाचा फॉर्मही मीच केलेला. तयार संदेश साधा होता: नंबर आधी नोंदवलेला आहे. पण दलाल एकाच नंबरावर तपासणीच्या वेळा अडवून ठेवतात, जरा दरारा हवा, असं इस्पितळवाले म्हणाले. मी कारवाईचं वाक्य जोडलं. कन्नडमध्येही स्वतःच लिहिलं. तिथले साहेब "आता कसं!" म्हणाले आणि मला बरं वाटलं. खऱ्या रुग्णाला ते दिसलं तर त्याने पुढे काय करायचं, याचा एक शब्द मी लिहिला नाही.

आणि माझा नंबर तिथे आधीच कसा? फॉर्म तपासताना मीच घातला होता. नंतर काढायचा राहिला.

"आत्या, मला एक फोन करायचास ना गं!"

"तुला कसा करू? नंबर तुझा. केस झाली असती तर तुझ्यावर. पदरात दोन मुली आहेत तुझ्या. मला काय, अजून एक डोळा आहे की!"

ती हसली. मग मी तिला सगळं सांगितलं. तिला ते कितपत कळलं, ठाऊक नाही. "असू दे, कॉफी घे," एवढंच म्हणाली.

त्याच दुपारी मी माझी नोंद काढली, वाक्यही बदललं: या नंबरावर आधी नोंद आहे, घरातल्या दुसऱ्या कुणासाठी असेल तर पुढे चला.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली सांभाळू. बाहेर खिडकीवरच्या बाईने पुढच्या तारखेसाठी फोन नंबर विचारला. मी आत्याच्या डाव्या बाजूला होतो. मला शोधायला तिने अख्खी मान वळवली आणि हळूच विचारलं, "तुझा देऊ का रे? काही होणार नाही ना तुला?"