भिजवलेली भाकरी

आमच्या घरात कडक भाकरी खायच्या दोन पद्धती आहेत. एक माझी, म्हणजे बरोबर असलेली. दुसरी आमच्या मालकांची. मी भाकरी हातात धरून कटकन मोडते, तिच्यावर शेंगाची चटणी, चटणीवर घट्ट दही, आणि चावताना शेजारच्या खोलीत ऐकू गेलं पाहिजे. हे मात्र वाटीभर आमटी ताटात ओतून घेतात, तिच्यात भाकरी चुरतात आणि ती मऊ होईपर्यंत पेपर वाचत बसतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी यांना त्यावरनं बोलत आले. "दात असलेल्या माणसाला हे शोभत न्हाय," हे माझं ठरलेलं वाक्य. हे हसायचे आणि चुरा खायचे.

मला बोलायचा हक्क होता, कारण भाकरी माझ्या हातची. सोलापुरात सात रस्ता चौकापासून जवळच आमचं घर आहे. मागच्या पडवीत मी, माझी सून आणि कामाला येणाऱ्या दोन बायका मिळून कडक भाकऱ्या करतो आणि दुकानांना देतो. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर सगळं पाणी जाईपर्यंत वाळवायची. झाली की नाही ते मी नखानं टिचकी मारून आवाजावरनं सांगते. एवढ्या मेहनतीनं कडक केलेली वस्तू कुणी आमटीत बुडवली की माझं डोकं फिरतं.

तर एका हिवाळ्यात माझीच भाकरी माझ्या घशाखाली उतरेना. घास छातीच्या मधोमध येऊन थांबायचा आणि वरनं पाणी प्यालं की सावकाश खाली जायचा. दुसरं कुणी असतं तर दवाखान्यात गेलं असतं. मी पिठाला दोष दिला. आधी ज्वारी बदलली. मग गिरणीवाल्याशी भांडले, म्हटलं दळण जाड काढतोस. तो म्हणाला, "मावशी, ह्याच्यापेक्षा बारीक काढलं तर तोंडाला पावडर म्हणून लावावं लागंल." मी गिरणीसुद्धा बदलली. मग सुनेच्या हाताला नावं ठेवून झाली. तोवर ब्लाउज ढगळ व्हायला लागले होते. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, लई बारीक झालासा की, आणि मी वेडी खूश झाले.

एके दिवशी दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी एकटीच ताट घेऊन बसले. कुणी बघत नाही अशी खात्री करून भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. मऊ घास सरकत खाली गेला. किती दिवसांनी जेवल्यासारखं वाटलं. दुसरा तुकडा बुडवला, तेवढ्यात हे दारात उभे. आता इतक्या वर्षांचं उट्टं निघणार म्हणून मी तोंड वाकडं करून तयारच होते. यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चप्पल घाल. दवाखान्यात जाऊ."

हे चिडवत नाहीत म्हटल्यावर मी पहिल्यांदा घाबरले.

घशातनं दुर्बीण घालून बघितलं, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. आधी केमो आणि मशीनखालचा शेक, मग मोठं ऑपरेशन. सगळं ऐकून घेतल्यावर मी विचारलं, "परत भाकरी खाता येईल का मला?" त्यांना वाटलं मला काही कळलंच नाही. ते म्हणाले, "आत्ताच सांगता येणार नाही. आपण प्रयत्न करू." परत येताना भर सात रस्त्यावर, सिग्नलला रिक्षा थांबलेली असताना, यांनी माझा हात धरला. चारचौघात हात धरायची आमच्याकडे रीत नाही. मी सोडवून घेतला नाही.

शेक सुरू झाल्यावर घसा असा भाजून निघाला की पाण्याचा घोटसुद्धा टोचायचा. पडवीला लागून असलेल्या खोलीत मी पडून असायचे. पण कान शाबूत होते. पलीकडे सून टिचकी मारायची आणि मी इकडनं ओरडायचे, "ती ओली हाय, परत टाक." सून म्हणायची, "अव्वा, झोपा की आता." मग जरा वेळानं तिचाच आवाज यायचा, "ओलीच व्हती." ते ऐकून मला दिवसभर बरं वाटायचं. रडलेसुद्धा त्या दिवसांत, उशीत तोंड घालून. पण खोटं कशाला बोलू, हसले जास्त.

ऑपरेशनमध्ये आजारी अन्ननलिका काढली आणि जठर वर ओढून छातीत जोडलं. काही दिवस पोटात एक बारीक नळी होती. सून तिच्यातनं दवाखान्यानं सांगितलेलं पातळ खाणं हळूहळू सोडायची. तोंडाला काही कळायचं नाही, तरी पोट जड झालं की मी माहेरच्या कानडीत "साकु" म्हणायचे, म्हणजे पुरे. घरी आल्यावर एकदा तिनं नुकतीच कुटलेली चटणी वाटीत घालून माझ्या नाकाखाली धरली. मी डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, "लसूण कमी पडलाय." ती इतकी हसली की नळी धरायला यांना बोलवावं लागलं.

हे माझ्यासमोर जेवायचं टाळायचे. मी रागावले. "हितंच बसून खावा की. मी मेले न्हाय अजून." मग ताट घेऊन पलंगाशेजारी बसायला लागले. आणि काय आश्चर्य, भाकरी कोरडीच खायचे. मी भिजवताना सापडले त्या दुपारपासून यांनी भिजवणं सोडूनच दिलं होतं, सून सांगत होती. दाढा धड नाहीत, एकेक घास चावताना डोळ्यांत पाणी यायचं, पण मला कटकन आवाज ऐकू यावा म्हणून खात राहिले. मला तो आवाज आवडायचा, आणि यांचा तो केविलवाणा चेहरा त्याहून जास्त.

पुढे औषध पाजून फोटो काढले, जोड नीट बसला होता. मग पाण्याचे घोट, मग पेज, मग मऊ भात. थोडं थोडं, दिवसातनं बऱ्याचदा, ताठ बसून, आणि झोपताना डोकं उंच. रिपोर्टसुद्धा चांगला आला. तेव्हा मी डॉक्टरांना परत तोच प्रश्न विचारला. त्यांना आठवत होता. ते म्हणाले, "कडक नाही. पण पूर्ण भिजवून, मऊ करून, अगदी थोडी, चालेल."

घरी आलो तर सुनेनं आमटी करून ठेवलेली. यांनी ताट स्वतः मांडलं, भाकरी बारीक चुरली, वरनं आमटी ओतली. मी हात घालणार तर म्हणाले, "थांब, तुला काय कळतंय ह्यातलं." पेपर उघडून बसले. मी बसले वाट बघत. किती वेळ लागतो भाकरी भिजायला, मला खरंच माहीत नव्हतं.

मग पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "हं, आता."

चिमूटभर घास तोंडात घेतला, सावकाश चावला आणि गिळला. सून पडवीच्या दारात येऊन बघत होती. घास कुठेही न थांबता खाली गेला. ज्वारी तीच होती, पीठ काही वाईट नव्हतं. मी दुसरा घास घेतला. हे माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी आपल्या भाकरीचा तुकडा मोडला, माझ्याच ताटातल्या आमटीत बुडवला आणि अगदी माझ्या आवाजात म्हणाले, "दात असलेल्या माणसाला हे शोभत न्हाय."

त्या दुपारपासून मी या वाक्याची वाट बघत होते. "गप बसा की," मी म्हणाले, "हसवलं तर अडकेल." आणि ताट त्यांच्याकडे जरा सरकवलं.