साथ आणली कुणी

सत्तावन्नच्या आषाढात तेरणाकाठच्या आमच्या गावात तापाची साथ आली, तेव्हा पहिलं बोट बंडप्पांकडं गेलं. बंडप्पा सरकारी देवीडॉक्टर. डॉक्टर नुसतं म्हणायचं. शिक्षण सातवीपर्यंत, तेही निजामाच्या अमलात उर्दूतनं झालेलं. मूळचे उमरग्याचे. वर्षातनं दोनदा देवीची लस घेऊन येत आणि कस्तुराबाईंच्या ओसरीवर उतरत. रडणाऱ्या पोरांशी ते कानडीत बोलत. ही कुठली भाषा म्हणून पोरं गप्प होत, तेवढ्यात टोचून होई.

त्या खेपेला ते टोचून गेले आणि चार दिवसांत घरोघरी अंथरुणं पडली. कस्तुराबाईंचे थकलेले दीर त्यातच गेले. पुढं बंडप्पा लस उठली का म्हणून पोरांचे दंड बघायला आले, तेव्हा चावडीवर माणसं जमलेली होती.

"तुमच्या सुईतनं आला ह्यो ताप," हिंमतराव पाटील म्हणाले.

"पेपरात तर मद्रासला बोटीवरनं उतरला म्हणतात," शाळेचे मास्तर म्हणाले.

"मद्रासहून हितं कोण आलंय, मास्तर?"

बंडप्पा शांतपणे म्हणाले, "सुईतनं न्हाय, पाटील. म्या टोचलं पोरांना. पडले म्हातारे. तुमीबी पडलात, तुमाला कुठं टोचलं होतं?"

माणसांना ते पटलं. विषय तिथंच मिटला असता, पण बंडप्पा उठले नाहीत.

"येताना उमरग्यात ट्रकवाल्यांच्या शेजारी जेवलो. हैदराबादेकडनं आलेले, लई खोकत होते. हितं पोचलो तवा माझं अंग मोडून आलं होतं. वाटलं, दमलोय. सुईनं न्हाय, पण मीच आणला असंल."

तिथनं ते कस्तुराबाईंकडं गेले आणि तेच पुन्हा सांगितलं.

"बाजारला समदं गावच जातंय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी आणला असंल."

"असंल. मला मालूम न्हाय."

मग त्या म्हणाल्या, "भावजींजवळ घटकाभर बसणारे तुमीच एकटे होता."

बंडप्पा त्या दिवशी ओसरीवर राहिले नाहीत, शाळेत झोपले. गावानं मात्र पुढंही त्यांच्यापुढं पोरं धरली. साथ कुणी आणली ते ठरलं नाहीच. मास्तर बोटीचंच सांगत राहिले.

दोन वर्षांनी एकदा बंडप्पा वेशीपर्यंत येऊन परत फिरले. काम लांबलं म्हणून वरनं विचारणा झाली. उत्तरात त्यांनी एवढंच लिहिलं, की घसा दुखत होता.